लॉबीतला सिनेमा आणि डबा

शिकागोजवळच्या शॉमबर्गमधल्या एका हॉटेलात मी प्रोजेक्टसाठी मुक्कामाला होते. खोलीत दोन बर्नर, एक कढई आणि बोलायला चार भिंती. शुक्रवारी संध्याकाळी लॉबीतल्या टीव्हीवर जुने हॉलिवूडचे सिनेमे लावत. बघायला आम्ही दोघंच असायचो, मी आणि माझ्यापासून दोन खोल्या सोडून राहणारा एक पुणेकर. माझ्यासारखाच चाळिशी ओलांडलेला आणि कामासाठी आलेला. त्याचा घटस्फोट झाला होता, मी लग्नच केलं नव्हतं.

एकदा मोठ्या हॉटेलात घडणारी एक कृष्णधवल प्रेमकथा लागली. त्यातले पाहुणे एकमेकांच्या आयुष्यात असे शिरत होते की दारांना कड्याच नसाव्यात. शेवटी नायक-नायिका एकाच गाडीतून निघून गेले.

"इथे लिफ्टमध्ये कोणी हायसुद्धा म्हणत नाही, यार. यांना एवढा टाइम मिळतो कुठून?" तो म्हणाला.

"यांना स्वयंपाक करावा लागत नाही," मी म्हणाले.

तो हसला. दुसऱ्या दिवशी मी त्याला स्टीलच्या डब्यात मसालेभात नेऊन दिला.

डबा रिकामा परत करायचा नाही, ही आपली रीत. त्याने तो शेंगदाण्याची चटणी भरून दिला. मग मला पुन्हा काहीतरी करणं आलं. माझी भरली वांगी, त्याचा शिरा, माझी थालीपीठं, त्याचं जरा लागलेलं पिठलं. हिवाळाभर तो डबा कॉरिडॉरमधून ये-जा करत राहिला. मी मात्र त्यात भलतंच काही शोधायला लागले होते. शिऱ्यात केशर दिसलं की माझा दिवस चांगला जायचा. या वयात हे शोभत नाही असं स्वतःला बजावायचे, आणि रविवारी चारोळीसाठी इंडियन स्टोअर पालथं घालायचे.

मार्चमध्ये तो म्हणाला, "माझं प्रोजेक्ट संपलं. शुक्रवारी टेक्सासला, अर्विंगला मूव्ह होतोय."

मी त्या बारक्या बर्नरवर पुरणपोळ्या केल्या. मला तो हवा होता, हे तोवर मी स्वतःशी कबूल केलं होतं. डबा देताना विचारणार होते, मी कधी तिकडे आले तर चालेल का तुम्हाला. पण तो कॉलवर होता. हातानेच थँक्स म्हणून त्याने दार लावून घेतलं.

शुक्रवारी मी ऑफिसातून परतले तेव्हा तो निघून गेला होता. रिसेप्शनवरच्या बाईने डबा पुढे केला. हलका होता, पण आत काहीतरी सरकलं. लिफ्टसाठी न थांबता मी जिन्याने वर पळाले, खोलीचं दार लावलं आणि मगच झाकण उघडलं.

आत कॉफी काउंटरवरच्या साखरेच्या दोन पुड्या होत्या. घरात द्यायला काही नसलं की आई शेजारणीच्या वाटीत चिमूटभर साखर घालायची. तसंच हे. त्याने फक्त रीत पाळली होती. डबा रिकामा असता, तर घाईत विसरला असेल, असं तरी मला म्हणता आलं असतं.