दामल्यांच्या सायकलीची तपासणी

माझ्या मुलीचा घटस्फोट झाला आणि तिचे सासरे दामले आमच्या मागच्या गल्लीतच राहिले. भोपाळला आमच्या कारखान्याच्या वसाहतीत क्वार्टर मिळतं ते ग्रेडप्रमाणे. कोर्टाच्या निकालाने ते हलत नाही. त्यामुळे रोज सकाळी दूध घेताना दामले आणि मी एकमेकांकडे न बघण्याचा सराव करत होतो.

त्या दिवाळीत आमच्या नातीला, नऊ वर्षांच्या मुक्ताला, आम्ही दोघांनीही एकेक सायकल घेतली. (त्यांची बातमी मला दूधवाल्याकडून कळली, पण तोवर मीही घेऊन बसलो होतो!) माझ्या मुलीने, नीताने, कपाळाला हात लावला.

“बाबा, पोरीला पाय दोनच आहेत! पाडव्याला संध्याकाळी ती दोन्ही चालवून बघेल. आवडेल ती इथे वसाहतीत राहील, दुसरी दुकानात परत.”

मायलेकी राहायच्या शिवाजी नगरात. वसाहतीत यायच्या त्या सणाला, नाहीतर रविवारी. म्हणजे सायकल ज्याच्या घरी, मुक्ताचा रविवार त्याच्या घरी. मला तो रविवार हवा होता. आठवडाभर मी त्याचीच वाट बघायचो, हे कबूल करायला हरकत नाही.

पाडव्याला दुपारी दामल्यांनी त्यांची लाल सायकल आमच्या व्हरांड्यात आणून लावली. “बघून घ्या,” असं कुंडीकडे बघत म्हणाले आणि झोपायला घरी गेले.

बघून घ्या! कारखान्यात आधी फिटर आणि मग इन्स्पेक्टर म्हणून तीस वर्षं काढलेल्या माणसाला! मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. मागचं चाक डुगडुगतंय. ब्रेक ढिला. चेन कोरडी ठणठणीत. सीट तिरकी. एकूण सात दोष निघाले! ही यादी मुक्तासमोर मोठ्याने वाचायची, या कल्पनेने मी दोन चकल्या जास्त खाल्ल्या.

पण डुगडुगतं चाक डोळ्यांसमोर ठेवून गप्प बसणं माझ्याच्याने होईना. म्हटलं, तेवढं एक सरळ करू.

“काय चाललंय?” आतून बायकोचा आवाज.

“तपासतोय!”

“मग पाना कशाला?”

“त्याशिवाय नीट कळत नाही!”

“आणि तेलाची बुधली?”

बुधली मी सायकलीमागे सरकवली. चाक झालं म्हणून ब्रेक घेतला, ब्रेक झाला म्हणून चेन घेतली. पावणेपाचला यादीतला सातवा दोष मी स्वतःच्या हाताने खोडला आणि मग माझ्या लक्षात आलं, मी काय करून बसलोय ते. एखादा नट पुन्हा ढिला करावा असं मनात आलं, पण पोर पडली असती.

पाच वाजता मुक्ता आली, पाठोपाठ दामले. मुक्ता आधी माझ्या निळ्या सायकलवर बसली. कडुनिंबापर्यंत गेली आणि चेन उतरली.

“आबा, ये तो खटारा है!”

मग लाल. दोन चकरा मारून आली ती हात सोडून! “दामले आजोबा, तुमचीवाली फायनल! एकदम मक्खन चलती है!”

दामल्यांची छाती फुगली. कित्येक महिन्यांनी ते माझ्याकडे बघून बोलले, “रानडे, एवढे इन्स्पेक्टर तुम्ही! स्वतःची सायकल एकदा तपासायची तरी!”

“वेळच मिळाला नाही हो,” मी म्हणालो आणि तेलाने काळे झालेले हात हळूच पाठीमागे घेतले.