मंगळावर न्यायचं बी

पोस्टकार्डाचा कोपरा फाडलेला होता, म्हणजे कोणीतरी गेलं, हे वाचायच्या आधीच कळलं. आसेगावच्या नथ्थूजींचं नाव मात्र त्यात असेल असं वाटलं नव्हतं. त्यांच्या धाकट्या मुलाच्या, गजाननच्या वेड्यावाकड्या अक्षरात दोनच ओळी होत्या. मी खाली बसले... आणि पहिलं काय आठवलं, तर मी त्यांच्याशी खोटं बोलले होते ते. गेल्या हिवाळ्यात ते वाशिमला माझ्या खोलीवर आले होते. चहा पिता पिता त्यांनी विचारलं, "बाई, बी धरलं का?" मी म्हटलं, हो. मी काही धरलं नव्हतं.

पाच वर्षांपूर्वी आसेगावच्या शाळेत माझी नेमणूक झाली, तेव्हा गावात मला कोणी खोली देईना. कारण कोणी बोलून दाखवत नव्हतं, पण छप्पन साली नागपूरला जाऊन आलेल्या बापाच्या लेकीला ते सांगावं लागत नाही. नथ्थूजी माळी. गावालगत त्यांची वांगी, मेथी, दोडक्याची वाडी. त्यांनी वाडीतली खोली झाडून दिली आणि म्हणाले, पाणी विहिरीचं आहे, हातानं ओढावं लागेल. बस, एवढंच. तरीही माझा जीव तिथं लागेना. मी महिन्याला बदलीचा एक अर्ज लिहायची, आणि माझी ट्रंक कधी पूर्ण उघडलीच नाही.

शहात्तरच्या पावसाळ्यात माझ्या ट्रान्झिस्टरवर बातमी लागली, की मंगळावर यान उतरलं. मी उत्साहात नथ्थूजींना सांगितलं, की पुढेमागे माणसंही जातील, घरं करून कायमची राहतील. ते मेथीच्या जुड्या बांधत होते. हात न थांबवता त्यांनी विचारलं, परत येतील का? मी म्हटलं, बहुतेक नाही. मग सोबत काय नेतील? मी मास्तरणीच्या थाटात हवेच्या टाक्या, पाणी, यंत्रं, डबाबंद अन्न अशी सगळी यादी म्हणून दाखवली.

"आन् बी?" त्यांनी विचारलं.

मी हसले. तिथं साधी हवा नाही नथ्थूजी, बी घेऊन काय करता! त्यांनी पुढची जुडी बांधायला घेतली.

त्याच भाद्रपदात माझे बाबा अकोल्याहून आले. बाजाराचा दिवस नव्हता. वाडीतल्या दोडक्यांना कीड लागून वेल जळाले होते. कुंपणावरच्या एकाच वेलाला एक कोवळा, लांबसडक दोडका लटकत होता, देठाला लाल चिंधी बांधलेली. भाजीपाला वाडीतून घेत जा असं नथ्थूजींनीच सांगितलेलं होतं. चिंधी दृष्ट लागू नये म्हणून बांधली असणार, असं मी धरून चालले. शहरात वाढलेलीला दुसरं काय सुचणार? चण्याची डाळ घालून फक्कड भाजी केली, आणि मोठ्या कौतुकानं वाटीभर नथ्थूजींना नेऊन दिली.

त्यांनी वाटीकडे पाहिलं, मग कुंपणाकडे. मग सगळी भाजी पुसून खाल्ली. "चांगली झाली, बाई," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते घरात नव्हते. गजाननकडून मला कळलं, की चिंधी म्हणजे हा बियाचा, बी धरायला वेलावरच वाळू द्यायचा, याला हात लावायचा नाही. हे दोडक्याचं बी त्याची आई लग्नात धनजहून पदराच्या गाठीत बांधून घेऊन आली होती. ती जाऊन चार वर्षं झाली होती, पण दर साली तिचा दोडका वाडीत होत होता. या साली तो एकच उरला होता, तो मी शिजवला. मला तोंड कुठं लपवू असं झालं... बाबांसमोरच रडले.

तिसऱ्या दिवशी नथ्थूजी धनजहून, सासुरवाडीहून परतले. मी माफी मागायला लागले, तर त्यांनी माझ्या हातात कागदाची पुडी दिली. साळ्याच्या बायकोनं मूठभर बी राखलं होतं. त्यातलं अर्धं माझं.

"तुमी तं मंगळाचं सांगत होत्या," ते म्हणाले. "माही बायको बी परत न जायले आली व्हती. ती म्हने, आनलेल्या बियाचं पह्यलं पीक पाव्हन्याचं. तिथंच धरलेल्या बियाचं दुसरं आलं, का मानूस तिथला. यंत्र कितीक न्या, हे नाही केलं तं मंगळावर सारे पाव्हनेच राह्यतीन."

बाबा ऐकत होते. निघताना म्हणाले, बदलीचं राहू दे आता. मी आसेगावला दुसरं पीक खाल्लं. त्यानंतर नथ्थूजी मला 'तुमी' म्हणेनासे झाले, 'तू' म्हणू लागले, आणि मला ते फार आवडायचं.

पुढं बदली झालीच, न मागता. वाशिमला येताना त्यांनी पुडी दिली होती. अंगणात पेरलं, दोडके खाल्ले, वाटले, एकही राखला नाही. इथं कुठं कायमचं राहायचंय, असं वाटायचं.

कार्ड आल्यावर मी आसेगावला भेटायला गेले तेव्हा चुलीवरच्या आढ्याला एक वाळका दोडका टांगलेला होता. चिंधी धुरानं काळी पडली होती. गजानन म्हणाला, "बाबानं तुह्यासाठी ठेवला, ताई. म्हने, तिनं धरलं नसंन."

ते बी मी वाशिमच्या अंगणात पेरलं, त्याला दोन महिने होत आले. आज सकाळी वेलावरचा पहिला दोडका हाताएवढा झालेला दिसला. जुन्या लुगड्याची किनार फाडून मी देठाला बांधत होते, तर शेजारीण विचारायला लागली, दृष्ट लागू नये म्हणून का हो बाई?

म्हटलं, नाही. मी इथं राहणार आहे म्हणून.