पाळतकाका

पाळतकाका बोलताना समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघत नसत, त्याच्या बुबुळांवर लक्ष ठेवून असत. जर्मनीत ब्राउनश्वाइगला पीएच.डी. करताना मी त्यांच्या घरी वरच्या खोलीत राहत होतो. माझी नजर खिडकीकडे गेली की त्यांची मान खिडकीकडे वळे. काकूंनी लपवलेला श्रीखंडाचा डबा त्यांनी माझ्या डोळ्यांवरूनच कितीदा तरी पकडला. नाव अर्थातच आम्ही पोरांनी पाठीमागे ठेवलेलं.

ड्रायव्हरचं लक्ष रस्त्यावर आहे का, हे टिपणारे कॅमेरे बनवण्यात त्यांची उभी नोकरी सरली होती. त्यामुळे कुणाच्या शब्दावर त्यांचा विश्वास म्हणून नव्हता. "घोड्याचं लक्ष कान सांगतात, कोंबडी मान वाकडी करते," ते म्हणत. "माणसाच्या डोळ्यातलं पांढरं मात्र सरळ चहाडी करतं. गेनाऊ? बरोबर ना?" डोळ्यांच्या डॉक्टरचं नाव काढलं की त्यांना डॉक्टरचाच संशय येई. त्याला म्हणे त्यांचं लायसन्स काढून घ्यायचं होतं.

मलाही संशयाची लागण झाली. हा माणूस माझ्यामागे का लागलाय, म्हणून मी उलट त्यांच्यावरच पाळत ठेवली. काकू चहाचा कप त्यांच्या उजव्या हाताशी ठेवत आणि कपाकडे बघत जरा थांबत. काका काकूंचे डोळे बघत, मग हात पुढे करत. एका रविवारी काकू अंघोळीला गेल्या होत्या. मी तिथेच कप ठेवला आणि फोनमध्ये डोकं घातलं. काकांचा हात कपावर आपटला, चहा टेबलभर झाला आणि कप मध्येच ठेवल्याबद्दल बोलणी मी खाल्ली.

काकू आल्यावर मी त्यांना स्वयंपाकघरात गाठलं. काकांना उजवीकडचं दिसत नाही, म्हणालो.

"माहीत आहे. त्यांनाही माहीत आहे," काकू म्हणाल्या. थोड्याच वेळात काका बाजारात गाडी घेऊन जाणार होते. काकूंनी खुंटीवरची किल्ली काढून कणकेच्या डब्यात टाकली. "तू फक्त डब्याकडे बघू नकोस."

काका कोट घालून आले. खुंटी रिकामी दिसताच त्यांनी काकूंच्या डोळ्यांकडे बघितलं.

काकूंनी डोळे मिटून घेतले. "अहो, आधी डॉक्टर."

मग काका माझ्याकडे वळले. माझी नजर डब्याकडे जाणारच, हे मला ठाऊक होतं. मीही डोळे मिटले. मला त्यांची फार माया वाटत होती, आणि भीतीही.

मग खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"आल्झो, बरं तर," काका हळू आवाजात म्हणाले, "घे डॉक्टरची वेळ. आता डोळे उघडा दोघंही, मला काही दिसत नाहीये."