साध्या पाण्याची टेस्ट ट्यूब

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला तर नाहीच.

माझ्या थोरल्या जाऊबाई – ताई – राहात्याला असतात, पेरूच्या बागेत. मला दिवस गेले तेव्हा त्या बागेतले पेरू घेऊन एसटीनं आमच्याकडे केडगावला येत. मायेनं येतात, असं घरचे म्हणत. मला वाटायचं, एवढ्या लांबून कशाला? माझ्या पोटाकडे इतका वेळ का बघतात? त्यांना स्वतःला मूल नव्हतं ना –

मग माझं मूल पोटातच गेलं. डॉक्टर म्हणाले, यात कुणाचा दोष नसतो. पण मला दोष कुणाचा तरी हवा होता.

मी जिवाणूंवर काम करते. कीटकनाशक लागलं की हिरवे चमकावेत, असा बदल आम्ही प्रयोगशाळेत काही जिवाणूंच्या जनुकांत केला होता. ताईंचे उरलेले पेरू मी तिथे नेले. त्या जिवाणूंच्या एका टेस्ट ट्यूबमध्ये पेरू धुतलेलं पाणी घातलं, दुसरीत नुसतं साधं पाणी – ताडून बघायला. पहिली चमकली. आणि मला – कसं सांगू – बरं वाटलं.

मग दुसरीही चमकली. तितकीच.

याचा अर्थ मला कळत नव्हता का? जिवाणूच बिघडले होते, उगाच चमकत होते. पेरूंबद्दल त्यातून काहीच सिद्ध होत नव्हतं. नवे जिवाणू वाढवून पुन्हा बघता आलं असतं. मी बघितलं नाही. पहिल्या ट्यूबचा फोटो काढला, तेवढाच नवऱ्याला दाखवला.

त्यानं भावाला फोन केला. नको ते बोलला. मी शेजारीच बसले होते.

दुसऱ्या दिवशी ताई आल्या. दारातच उभ्या राहिल्या. "फवारलेल्या झाडाचं मी तुला कंदी आनलं न्हाई गं, अश्विनी."

"तपासणीत आलंय, ताई," मी म्हणाले.

भावाभावांचं बोलणं तुटलं ते तेव्हापासून.

पुढे मला मुलगी झाली. सासूबाईंनी हट्ट धरला म्हणून बारशाला ताईंना बोलावलं. त्या रिकाम्या हातानं आल्या, भिंतीला टेकून बसल्या. सासूबाईंनी बाळ पुढे केलं, तशा त्या उठून मोरीत गेल्या. साबणानं कोपरापर्यंत हात धुतले. मग मला विचारलं, "घिऊ का?"

मी मान हलवली. त्यांनी बाळाला छातीशी धरलं. आणि सगळं ठाऊक असूनही – त्यांनी तिला परत देईपर्यंत माझी नजर त्यांच्या हातांवरून हलली नाही.