आबासाहेबांचा अनशापोटीचा व्यायाम

मंडळी, आज सकाळची हकिकत लिहून वाचनालयाच्या फळ्यावर लावतो आहे. आमचे घरमालक आबासाहेब तुम्हाला ठाऊकच आहेत.

चार पायऱ्या चढल्या की त्यांना धाप लागते. डॉक्टरांनी बजावलं आहे, वजन उतरवा. न्याहारीआधी तीन मैल चाला आणि साधी भाकर-भाजी खा. चालताना सोबतीला मी, त्यांचा भाडेकरू मास्तर.

आज आम्ही दर्ग्यापर्यंतही पोचलो नव्हतो, तोच मागून त्यांची दमणी आली. त्यांनीच सांगून ठेवली होती. आत रेलून म्हणाले, "मास्तर, बैल चालून राह्यले ना, मग झालं." पुढे हलवायाकडून जिलेबी मागवली. तुपाची बोटं धोतराला पुसत त्यांनी मलाही दिली आणि मी निर्लज्जासारखी खाल्ली.

घरी काकू भाकरी थापत होत्या. नवऱ्यासाठी त्यांनीही गोड सोडलं आहे.

"किती चालले हे, मास्तर?"

साहेबांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. मी म्हणालो, "तीन मैल."

साहेबांनी भाकरीचं ताट सरकवलं. "सालदाराचं खाणं मले कायले?"

"दमले असतील," म्हणत त्या माउलीने शिऱ्यासाठी कढई चढवली. तेव्हा मात्र मला स्वतःचीच किळस आली. म्हणालो, "काकू, आमी दमणीत बसून फिरलो."

काकूंनी कढई उतरवली आणि तेच ताट पुन्हा नवऱ्यापुढे ठेवलं. साहेब मला म्हणाले, "आजच खोली खाली करा."

मंडळी, कुणाकडे एका माणसापुरती जागा आहे का?