अळ्यांचं पीठ आणि जवसाची चटणी

बुटीबोरीच्या कारखान्यातून मी वेळेआधी निवृत्त झालो आणि कुही रस्त्याला कोंबड्यांचं शेड टाकलं, तेव्हा घरच्यांना बरंच वाटलं. हा माणूस निदान दिवसभर घराबाहेर तरी राहील. कोंबड्यांपर्यंत सगळ्यांनी सोसलं. मी अळ्या आणल्या तेव्हा मात्र घरात बैठक भरली.

त्याचं असं की, अंडी देणाऱ्या कोंबडीला प्रथिनं लागतात. ती सोयाबीनच्या ढेपेतून, म्हणजे पेंडीतून द्यायची, आणि ढेप तर परवडत नाही. त्यावर तोड म्हणून एका काळ्या माशीच्या अळ्या पाळतात. ही आपल्या घरातली माशी नव्हे. ही बिचारी ताटावर बसत नाही, चावत नाही, मोठी झाली की धड जेवतही नाही. जेवायचं काम तिच्या अळ्यांचं. भाजीबाजारातले सडके टमाटर, कोबीची पानं, लग्नात उरलेला भात, काहीही टबात टाका, खाऊन गलेलठ्ठ होतात. मग त्या वाळवायच्या, दळायच्या आणि ते पीठ खाद्यात मिसळायचं. हे सगळं मी घरी जेवताना समजावून सांगितलं, तिथेच चुकलं. बायकोने हातातला घास खाली ठेवला आणि नियम करून टाकला: अळ्या शेडवर, अळ्यांचा मिक्सर शेडवर, आणि अंघोळ केल्याशिवाय मी स्वयंपाकघरात पाय ठेवायचा नाही.

नियम मी पाळला. एकदाच मोडला. शेडवर पिठाला मुंग्या लागायच्या, आणि एक खाद्यवाला दुसऱ्या दिवशी नमुना बघायला येणार होता. म्हणून थोडं पीठ घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात भरून मी घरी आणलं आणि ओट्यावर इतर डब्यांच्या रांगेत ठेवून दिलं. लपवलेला डबा बायकोला लगेच सापडतो. डब्यांत ठेवलेला डबा कोणाला दिसणार, अशी माझी हुशारी. आमच्याकडचे डबे सगळे आहेरातले, एका मापाचे, आणि प्रत्येकावर माझ्या सासऱ्यांचं नाव कोरलेलं. त्यामुळे शेजारी गेलेला डबा परत येतो हे खरं, पण आत काय आहे ते सासऱ्यांच्या नावावरून कळत नाही.

त्या संध्याकाळी माझी मोठी बहीण उमरेडला परत निघाली होती. ताई निघाली की बायको तिला जवसाची चटणी देते, हा आमच्या घरचा रिवाज. बस निघायची वेळ झालेली, बायको ताईला कुंकू लावत होती, आणि आतून मला हुकूम आला की ओट्यावरचा चटणीचा डबा पिशवीत टाका. मी टाकला. स्वतःच्या हाताने.

सकाळी शेडवर जाऊन मी माझा डबा उघडला. लसूण आणि लाल तिखटाचा असा भपकारा आला की मला ठसका लागला. वाळवून दळलेल्या अळ्या दिसायला थेट जवसाच्या चटणीसारख्याच असतात, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

दुसरं कोणी असतं तर मी हसलो असतो. पण ताई. एके काळी तिच्या हातचं मटण खायला आम्ही उमरेडला मुद्दाम जायचो. भाऊजींच्या छातीचं ऑपरेशन झालं तेव्हा तिने देवापुढे हात जोडून मांसमच्छी, अंडं, सगळं सोडलं. भाऊजी उठून चालायला लागले. डॉक्टर काहीही म्हणोत, भाऊजी त्या नेमावर उभे आहेत अशी तिची पक्की समजूत. आणि मी, तिचा सख्खा धाकटा भाऊ, तिच्या पिशवीत डबाभर किडे घालून मोकळा झालो होतो.

फोन हातात घेतला आणि ठेवला. विचारू काय? भाऊजींनीच उचलला तर? खाद्यवाल्याला येऊ नको म्हणून कळवलं आणि मिळाली ती बस धरली. रस्ताभर मला एकच चित्र दिसत होतं: गरम भाकरी, वर तेलाची धार, आणि बाजूला चमचाभर माझं पीठ.

भाऊजी अंगणात खाटेवर पेपर वाचत होते. ताई दारात अंबाडीची भाजी निवडत होती. आणि न्हाणीजवळ सासऱ्यांच्या नावाचा डबा घासून पालथा घातलेला होता.

रिकामा. एका दिवसात.

"काहून आला गा असा धावत?" ताई म्हणाली. "डब्यासाठी आला काय?"

"ताई, तू चटणी खाल्ली काय वं?"

तिने एकदा भाऊजींकडे बघितलं, मग मला जवळ बसवलं आणि आवाज खाली आणला.

"तुह्या बायकोले सांगशील तर पाह्य. मले नाही जमत तिची चटणी. जीभ पोळून निघते. इतक्या हौसेनं देते बिचारी, नाही कशी म्हणू? मी कोंड्यात कालवून सुनेच्या कोंबड्यायले टाकते. त्यायले तिखट लागत नाही. पण या खेपी तर अशा तुटून पडल्या गा, घडीभरात साफ. यंदा काय टाकलं तिनं त्याच्यात?"

मला हसू सुटलं, ते आवरेना. इतक्या वर्षांत बायकोच्या तिखट हाताचे आभार मी पहिल्यांदाच मनातल्या मनात मानले.

ताईला खरं सांगितलं. ते न सांगता घरी जाणं जमलं नसतं. भाजी निवडणारा तिचा हात थांबला. तिने पुन्हा भाऊजींकडे बघितलं. भाऊजींनी पेपरचं पान उलटलं आणि लांब जांभई दिली.

"हात लागला त्याले माहा," ती हळूच म्हणाली.

"हात तर तू धुतले असशील."

"धुतले. डबाही घासला." थोडा विचार करून ती म्हणाली, "तोंडात तर नाही गेलं. मंग झालं."

आणि पुन्हा भाजी निवडायला लागली. चहा झाल्यावर मात्र तिने विचारलं की ते पीठ अजून शिल्लक आहे का, सूनबाईच्या कोंबड्या सकाळपासून दारात येऊन बसल्या आहेत. पुढच्या वेळी वेगळ्या पिशवीत आण, डब्यात नको, एवढी अट घातली. निघताना परत बजावलं, इकडची गोष्ट तिकडे नको.

घरी पोचलो. ओट्यावर डबा ठेवला. उमरेडला सहज जाऊन आलो म्हटल्यावर बायकोने माझ्याकडे जरा बघितलं, मग डबा उघडला.

"ताईले आवडली काय जी चटणी?"

"काल दिली आणि आज डबा साफ," मी म्हणालो. यात एक अक्षर खोटं नव्हतं.

तिचा चेहरा उजळला. "या टायमाले तिखट थोडं जास्तच टाकलं होतं मी," ती म्हणाली, आणि कढई चढवून जवस भाजायला घेतला.