गेलनच्या शर्टाची शेपटी

आमच्या हरणांच्या शिकारीच्या कॅम्पातल्या एका भिंतीवर शर्टांच्या शेपट्या खिळ्यांनी ठोकल्या आहेत. ज्याचा नेम चुकला त्याने संध्याकाळी पाठ करून उभं राहायचं. म्हातारा ऑरिन कातर घेऊन येतो आणि त्या दिवशी अंगात असलेल्या शर्टाचा मागचा घेर कचकन कापतो. वर नाव लिहायचं, साल लिहायचं, की झाली शेपटी. माझ्या सात आहेत, खुद्द ऑरिनच्या नऊ. बेचाळीस वर्षं कॅम्पाला येऊनही ज्याची एकही नव्हती असा माणूस एकच, ऑरिनचा धाकटा भाऊ गेलन.

गेलन गेला, आणि पुढच्याच नोव्हेंबरात त्याची बायको अर्लिस बंदूक घेऊन दारात उभी राहिली. वय त्रेसष्ट. तिने शाळेच्या स्वयंपाकघरात तीस वर्षं पातेली घासली, आणि तिचा आवाज असा की जेवणाची घंटा वाजवायची गरज पडत नसे. बापाच्या शेतावर तिने पूर्वी हरणं मारली होती, पण आमच्या कॅम्पात बाई कधी आली नव्हती. ऑरिन घुटमळला. ती म्हणाली, "गेलनचं मचाण रिकामं का ठेवायचं? सरक बाजूला." तो सरकला.

माझा गुडघा गेल्यापासून मी मचाणावर बसत नाही, चूल सांभाळतो. त्या संध्याकाळी अर्लिसने बाकावर कपडे मांडले होते. अंगालगतची लोकरी बंडी, गेलनचा लाल-काळ्या चौकड्यांचा जाड लोकरी शर्ट, जाड स्वेटर, आणि सगळ्यांवर नारिंगी डगला. ती एक उचलायची, दुसरं ठेवायची.

"लग्नाला निघालीस की हरणाला?" मी विचारलं.

"लाइल, गप्प बस आणि एक सांग. कापतात तो कुठला शर्ट? वरचा की आतला?"

"डगला आणि स्वेटर सोडून जो काही शर्ट असेल तो. काय, आत्तापासूनच नेम चुकवायचा बेत आहे?"

ती हसली नाही. मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण मी पडलो चेष्टेखोर, माझं लक्ष घेवड्याच्या पातेल्याकडे.

सकाळी पाच वाजता पारा शून्याखाली अठरा होता आणि गुडघाभर नवा बर्फ. एका दिव्याच्या उजेडात सहाजण कपडे चढवत होते, कोणाच्या अंगात काय आहे ते कोण बघतो? मी दारात उभा राहून रोजचंच ओरडलो, "डगला पाठीवर बांधा! मचाणावर चढल्यावर घाला! घामाघूम होऊन बसलात तर मराल!" तिने डगला पाठीला बांधला होता. बरं वाटलं मला.

आठच्या सुमाराला तिच्या बाजूने एक बार ऐकू आला. मी वाट पाहिली. हरीण पडलं असतं तर ती एव्हाना खाली उतरून मला हाका मारत आली असती. कोणी आलं नाही. म्हणजे नेम चुकला, आणि बाई हट्टाने बसून राहिली. मी भांडी विसळली. साडेनऊला फडकं वाळत घालायला खिळ्याकडे गेलो आणि जागीच थिजलो.

खिळ्याला गेलनचा शर्ट होता.

मी तिची पिशवी उपसली. लोकरी बंडी तळाला तशीच होती. काल पिशवीत दिसलेला निळा सुती शर्ट तेवढा गायब होता. तो तंग, बंडीवर बसेना म्हणून तिने बंडीही काढून ठेवली असणार. सुती! आमच्याकडे शेंबडं पोरसुद्धा सांगेल की सुती कपडा घाम पितो आणि सोडत नाही. अर्धा मैल बर्फ तुडवून ती घामाने भिजली असणार, आणि त्या ओल्या चिंधीत साडेतीन तास न हलता बसली होती. गेलनचा शर्ट कातरीपासून वाचवायला! आणि शर्टाचा नियम तिला सांगितला होता मीच.

गुडघ्याच्या नावाने शिव्या देत मी निघालो. फोन तिथे लागत नाही. एवढ्या बर्फात अर्धा मैल माझ्यासारख्याला पाऊण तास, आणि तो सगळा वेळ मी तिच्याशी भांडत होतो, मोठ्याने, एकटाच.

मॅपलच्या बुंध्याला शिडी, आणि पंधरा फुटांवर मचाण. खाली बर्फात तिचे दोन्ही हातमोजे पडले होते. वर तिच्या डगल्याची चेन उघडी होती.

"आलास का, लाइल?" आवाज दारू प्यायल्यासारखा जड. "बघ ना, काय ऊन तापलंय."

आभाळ शिशासारखं होतं. ती थरथरतही नव्हती, आणि त्याचीच मला भीती वाटली. थंडीत गोठणाऱ्याला शेवटी शेवटी उकडायला लागतं, हे मला माहीत आहे. ती कमरेचा पट्टा सोडायला बघत होती. तो तिला झाडाशी बांधून ठेवत होता. बोटं चालत नव्हती म्हणूनच ती अजून वर होती.

"पट्ट्याला हात लावू नकोस!"

"काचतोय रे. काढते आणि येते खाली."

"अर्लिस, हात मांडीवर ठेव नाहीतर गेलनचा शर्ट मी चुलीत घालीन!"

ती थांबली. "घालशील?"

"देवाशपथ घालीन."

तिने हात मांडीवर ठेवले. मी चढलो. एकेका पायरीला गुडघा कळवळत होता. आधी तिच्या बंदुकीने आभाळात तीन बार काढले, ती आमची मदतीची हाक, म्हणजे ऑरिन निघेल. मग तिला माझ्या अंगावर रेलून घेऊन पट्टा सोडला आणि तिचा एकेक बूट माझ्या हाताने पायरीवर ठेवत उतरवलं. दोनदा तिचा सगळा भारच माझ्यावर आला. खाली तिचा ओला सुती शर्ट फाडून काढला आणि माझा लोकरी शर्ट तिच्या अंगात कोंबला. ऑरिन हरीण ओढायची घसरगाडी घेऊन धापा टाकत आला. तिच्यावरच घालून आणली तिला.

चुलीपाशी तासाभराने थरथर सुरू झाली, आणि मला हायसं वाटलं. संध्याकाळी ती गरम घेवडा चमच्याने खात होती.

"चाळीस वर्षांची ओळख," ती म्हणाली, "आणि आज माझे कपडे काढलेस, तेही बर्फात."

हसले सगळे. ऑरिन म्हणाला, "यंदा कातर नाही."

"का नाही? चुकले मी. नियम म्हणजे नियम."

"मग कापू काय? तुझ्या अंगात लाइलचा शर्ट आहे."

"माझ्या आधीच सात आहेत!" मी ओरडलो.

अर्लिस बाकाला धरून उठली. खिळ्यावरून गेलनचा शर्ट काढला आणि ऑरिनपुढे धरला. "हा काप. माझ्या नावाने नाही, गेलनच्या. एकोणीसशे एकोणनव्वद. समोर उभा नर, साठ पावलांवर, आणि चुकला. तुम्हाला सांगितलं की बार काढलाच नाही. घरी येऊन रडला. मला शपथ घातली होती त्याने."

ऑरिनने शर्ट हातात घेतला, पण कातर लावली नाही.

"मला माहीत होतं," तो म्हणाला. "मी शेजारच्या मचाणावर होतो. गोळी माझ्या झाडात शिरली."

"आणि बोलला नाहीस?"

"धाकटा भाऊ माझा. तोंड पाडून आला होता."

मला इतका राग आला की पातेलं आपटलं. दोघांनी एकच गोष्ट इतकी वर्षं एकमेकांपासून लपवली, आणि तिच्यापायी, गेलनच्या शर्टाला कातर लागू नये म्हणून, आज एक बाई झाडावर गोठून मेली असती! मी तोंडावर सुनावलं दोघांना. अर्लिस रडत होती. ऑरिनने कातर चालवली, गेलनचं नाव आणि साल लिहिलं, आणि शेपटी भिंतीवर ठोकली.

पुढच्या नोव्हेंबरात पहाटे ती दारापाशी आली तेव्हा मी वाट अडवली. तिच्या डगल्याखाली हात घालून कॉलर चाचपली. लोकर होती, लाल-काळी.

"मागून आखूड झालाय," ती म्हणाली. "कमरेला वारा लागतो."

मी माझा मफलर तिच्या कमरेला गुंडाळला, आणि मगच दाराची कडी काढली.